मस्कत ते सूर: वादी, जुनी गावं आणि उन्हाचं टाइमटेबल

ओमानच्या राजधानीत, मस्कतला, सहा वर्षं काढलीत, त्यामुळे नोव्हेंबर उजाडला की कोणाचा ना कोणाचा मेसेज येतोच, आम्ही चार दिवस येतोय, वादी शाब बघायचीय, सूर बघायचंय, कासवं बघायचीत, सगळं एका दिवसात उरकेल ना? गाडीच्या मीटरवर बघितलं तर उरकतं. मस्कत ते सूर, म्हणजे याच किनाऱ्यावरचं जुनं बंदरगाव, दोनशे किलोमीटरच्या आसपास, रस्ता असा की हातातला चहा सांडणार नाही, दोन-अडीच तासांत पोचता. पण या किनाऱ्यावर प्रश्न अंतराचा नसतो, उन्हाचा असतो. सकाळी आठला ज्या पाण्यातून बाहेर यावंसं वाटत नाही त्याच्याच काठावर दुपारी एकला दगडावर पाय ठेववत नाही, आणि जुनी गावं तर दुपारी एक ते चार शटर ओढून झोपलेली असतात. म्हणून माझा एकच नियम आहे, सकाळ पाण्याची, संध्याकाळ गावाची, मधली दुपार सावलीत लोळायची. हे एकदा मान्य केलं की बाकीचं प्लॅनिंग आपोआप बसतं, आणि मग कळतं की सूरला किमान एक रात्र, जमलं तर दोन राहायलाच पाहिजे.

आधी वादी म्हणजे काय ते, कारण मराठीत वादी म्हटलं की कोर्टातला पक्षकार आठवतो. इथली वादी म्हणजे डोंगरातून उतरणारी दरी, बहुतेक सगळ्या वर्षभर कोरड्या, नुसते गोटे. काहींमध्ये मात्र बारमाही पाणी असतं, हिरवं-निळं, आणि दोन्ही बाजूंना खजुराची झाडं. आपण बघायला जातो त्या या दुसऱ्या जातीच्या.

सीझन नोव्हेंबर ते मार्च. एप्रिलपासून तापायला लागतं आणि जून-जुलैत पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा वादीत चालायला जाणं म्हणजे वेडेपणा आहे, सरळ सांगतो. इथं एक गडबड खूप जण करतात. ओमानमध्ये पावसाळ्यात हिरवंगार असतं म्हणे, असं व्हिडिओत बघून ऑगस्टची तिकिटं काढतात. ते हिरवंगार म्हणजे सलाला, मस्कतपासून हजार किलोमीटर दक्षिणेला. तिथल्या त्या सीझनला खरीफ म्हणतात, हो, आपला खरीप तो हाच शब्द. सूरच्या बाजूला ऑगस्टमध्ये फक्त घाम येतो.

व्हिसाचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, यूके, शेंगेन, ऑस्ट्रेलिया किंवा जपानचा चालू व्हिसा असेल तर चौदा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय येता येतं, नसेल तर रॉयल ओमान पोलिसांच्या साइटवरून ई-व्हिसा काढायचा. नियम आणि फी बदलत राहतात त्यामुळे तिकीट काढायच्या आधी त्याच साइटवर बघा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर जाऊ नका.

पैशांचं एक समजून घ्या म्हणजे गोंधळ होणार नाही. एका रियालचे शंभर नाही, हजार बैसे होतात. एक रियाल म्हणजे साधारण २.६ डॉलर, म्हणजे नोट दिसायला छोटी आणि किमतीला मोठी, सुरुवातीला दहा रियाल सहज हातातून जातात आणि रात्री हिशेब केला की पोटात गोळा येतो. शहरात कार्ड सगळीकडे चालतं, पण वादीतल्या बोटवाल्याला आणि छोट्या चहावाल्याला सुटे द्यावे लागतात, एक-एक रियालच्या आठ-दहा नोटा आणि थोडे बैसे खिशात ठेवा.

गाडी भाड्याने घ्याच. मवासलातची सरकारी बस मस्कतहून सूरला जाते, पण ती हायवेने जाते, वादीच्या तोंडाशी उतरलात तरी पुढं कसं जाणार आणि परत कसं येणार. या ट्रिपला साधी सेडान पुरते, फोर बाय फोरची गरज फक्त वाळूत आत शिरायचं असेल किंवा वादी तिवीच्या पार वरच्या गावापर्यंत जायचं असेल तरच. गाडी उजव्या बाजूने चालते, पहिला अर्धा तास प्रत्येक राउंडअबाउटला मनात जप करायचा, उजवीकडे राहा उजवीकडे राहा, आणि राउंडअबाउटमध्ये आधीपासून जो आत आहे त्याला आधी जाऊ द्यायचं. हायवेला लिमिट १२० आहे आणि कॅमेरे अगदी ठरावीक अंतरावर उभे असतात. आपल्या लायसन्सबरोबर इंटरनॅशनल परमिट काढून आणलं की गाडीवाल्याशी हुज्जत घालावी लागत नाही. आणि गाडी ताब्यात घेताना चारही बाजूंचा, टायरचा, खालच्या बंपरचाही व्हिडिओ काढा. मी एकदा आळस केला आणि आधीचाच ओरखडा माझ्या बिलावर आला, तीस रियाल गेले, तेव्हापासून मी बाजूला उभ्या असलेल्या माणसाला कंटाळा येईपर्यंत शूटिंग करतो. पेट्रोल लिटरला पाव रियालच्या आतच पडतं, पण वाटेतल्या कुरियात गावाच्या पुढं पंप लांब लांब आहेत, कुरियातलाच टाकी फुल्ल करून घ्या.

वार कुठला निवडायचा हेही महत्त्वाचं. इथं सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी वादी शाबच्या पार्किंगला जत्रा भरलेली असते, अख्खं मस्कत तिथंच आलंय की काय असं वाटतं. रविवार ते बुधवार निघालात तर त्याच पाण्यात मोजकी पंधरा-वीस माणसं असतात.

आता पहिला दिवस. मस्कतहून पहाटे साडेपाचला निघायचं, हो साडेपाचलाच, साडेसातला नाही. कुरियात ओलांडलं की डावीकडे समुद्र आणि उजवीकडे उघडाबोडका डोंगर अशी तासभर जोडी चालते. वाटेत बिम्माचं सिंकहोल लागतं, हवियत नज्म म्हणजे ताऱ्याची खळगी. गावातले म्हणतात आभाळातून तारा पडला आणि खड्डा झाला, खरं कारण म्हणजे खालचा चुनखडीचा दगड पाण्यात विरघळत गेला आणि वरचं छप्पर खाली बसलं. पन्नास-सत्तर मीटर रुंद, तळाला हिरवं पाणी, पायऱ्या बांधल्यात, बाजूला बाग आहे, तिकीट नाही. पाय सोडून बसलात तर बारीक मासे येऊन पायाची कातडी टोचतात, मॉलमध्ये ज्याचे पैसे मोजतो तेच इथं फुकट. पण जाताना थांबू नका, वादी शाब झाल्यावर दुपारी थोडं मागं येऊन बघा. सकाळचा गार वेळ वादी शाबसाठी राखून ठेवायचा.

वादी शाब तिवी गावाशी आहे, मस्कतपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. गाडी एक्सप्रेसवेच्या अजस्र पुलाखालीच लावायची, सावली फुकट मिळते. तिथं टॉयलेट आहे, ते वापरून घ्या कारण पुढं काही नाही. मग बोट. दोन मिनिटांचं पाणी आहे, पलीकडे सोडायचं आणि परत आणायचं मिळून माणशी एक रियाल. इथं बोटवाल्याला एक प्रश्न नक्की विचारा, शेवटची फेरी किती वाजता, कारण अंधार पडायच्या बऱ्याच आधी ते आवरतात आणि मग तुम्ही पलीकडे आणि गाडी अलीकडे.

बोटीतून उतरल्यावर पाऊण तास चालायचं असतं. सुरुवातीला खजुराच्या आणि केळीच्या बागांतून सपाट वाट, मग गोटे, मग कड्याच्या कडेने अरुंद वाट, डाव्या-उजव्या हाताला सिमेंटने बांधलेला पाण्याचा पाट. या पाटाला फलज म्हणतात आणि त्याच्याबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय पुढं जाववत नाही. डोंगरातलं पाणी नुसत्या उतारावर किलोमीटरच्या किलोमीटर गावापर्यंत आणायचं, पंप नाही काही नाही, आणि गावात आलं की ठरलेला क्रम, आधी पिण्याचं, मग मशिदीचं, मग अंघोळीचं, शेवटी बागांचं. बागांची पाळी लिटरवर नाही, वेळेवर ठरते, पूर्वी दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजायचे. ओमानातले पाच फलज २००६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेत. म्हणून पाटात पाय बुडवून साबण लावून बसू नका, खाली कोणाच्या तरी बागेला ते पाणी जातंय. आणि पाटाच्या काठावर शेवाळ असतं, फोटोच्या नादात तिथं घसरणारा रोज एक तरी असतो.

पायात काय घालायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा सप्टेंबरचा शुक्रवार होता, निघायलाच उशीर झाला, पोचलो दुपारी साडेबाराला, पायात रबरी चप्पल. वीस मिनिटांत एका चपलेचा अंगठा तुटला आणि तापलेल्या गोट्यांवर एका पायाने लंगडत मी जो परत फिरलो, पाणी लांबूनसुद्धा दिसलं नाही. मागून येणाऱ्या एका ओमानी पोराने न बोलता त्याच्याकडची दोरी दिली, चप्पल पायाला बांधून बोटीपर्यंत आलो. तेव्हा सँडल पट्ट्यांचे, मागून आवळलेले, ओले झाले तरी चालतील असे. शूज घालून गेलात तर पाण्यात शिरताना काढावे लागतात आणि तळाचे दगड अनवाणी पायांना चावतात.

पाऊण तासाने पाणी सुरू होतं. सगळं सामान इथंच काठावर ठेवून जातात लोक, सहसा कोणी हात लावत नाही, पण पासपोर्ट वगैरे गाडीत लपवून ठेवा किंवा वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात. पुढं एकामागून एक डोह आहेत, काही ठिकाणी कमरेएवढं, काही ठिकाणी पाय टेकत नाहीत, मधेच खडकावरून चढून पुढच्या डोहात उतरायचं. शेवटच्या डोहाच्या टोकाला समोर दगडाची भिंत येते आणि वाटतं संपलं. तिथं नीट बघायचं, भिंतीत एक उभी फट आहे, डोक्याएवढीच रुंद. पाणी हनुवटीला लागलेलं, दोन्ही कानांना दगड घासतोय की काय असं वाटतं, तोंड वर करून हाताने भिंत ढकलत ढकलत चार-पाच हात पुढं सरकायचं आणि एकदम आवाज बदलतो. आत गुहा आहे, वरून उजेडाचा एक झोत पडतो आणि समोर धबधबा. बाहेरच्या शांततेनंतर तो आवाज छातीत घुमतो. तिथला दोर धरून वर चढून उडी मारणारे असतात, २०१२ मध्ये इथं रेड बुलची क्लिफ डायव्हिंगची फायनल झाली होती त्यामुळे पोरांच्या अंगात येतं. पण ते लोक खोली मोजून उडी मारत होते, आपण नाही.

पोहता येत नसेल तर पहिल्या डोहापर्यंत मजा करा, पुढं जाऊ नका, लाइफ जॅकेट असलं तरी पोहणारा माणूस बरोबर पाहिजेच. जॅकेट मस्कतहूनच घेऊन निघा. लहान मुलं आणि गुडघे दुखणारे आई-बाबा बरोबर असतील तर त्यांना वादी शाब दाखवायचा हट्ट धरू नका, त्यांच्यासाठी वादी बनी खालिद आहे, ते पुढं सांगतो.

कपड्यांचं स्पष्ट सांगतो. हे कोणाचं तरी गाव आहे, रिसॉर्टचा स्विमिंग पूल नाही. पुरुषांनी गुडघ्यापर्यंतची हाफ पँट आणि टीशर्ट, बायकांनी लेगिंग आणि लांब टीशर्ट, पाण्यातसुद्धा तेच. बिकिनी घातलेली दिसतात काही टूरिस्ट मंडळी, आणि बोटवाल्याची मान दुसरीकडे वळलेलीही दिसते. ओमानी माणूस तोंडावर बोलत नाही, इतका मऊ आहे, म्हणून आपणच समजून घ्यायचं. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, आणि ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका, जप्त होतो.

बाहेर आलात की साडेअकरा-बारा वाजलेले असतात. आता दुपार. तिवीत किंवा सूरला कुठल्याही कॉफी शॉपमध्ये शिरा. कॉफी शॉप म्हणजे टाय लावलेला वेटर नव्हे, चार टेबलांची टपरी, बहुतेक वेळा मल्याळी माणूस चालवतो, हिंदी आरामात चालते, परोटा-दाल मिळते, अंडं-परोट्याचा रोल मिळतो, कडक करक चहा मिळतो. शाकाहारी लोकांनी उगाच थेपल्यांची बॅग भरून आणायची गरज नाही. मांसाहारी असाल तर या किनाऱ्यावर मासा खा, किंगफिश किंवा टूना, भातावर.

वादी तिवी शाबच्या शेजारीच आहे. तिथं गाडी आत जाते, पण रस्ता गावांच्या भिंतींमधून असा अरुंद की समोरून गाडी आली तर दोघांपैकी एकाने रिव्हर्सची परीक्षा द्यायची. वर मिबाम गावापर्यंत चढ उभा आहे. खालच्या दोन-तीन गावांपर्यंत जाऊन परत फिरलात तरी बागा आणि पाट बघून होतात. वेळ नसेल तर सोडून द्या, काही बिघडत नाही.

सूरच्या वाटेवरचं कल्हात मात्र सोडू नका, निदान गाडी थांबवून बघा तरी. आज उघड्या उतारावर पडझड झालेले दगड आणि मधोमध एकटी चौकोनी इमारत, घुमट कोसळलेला, एवढंच दिसतं. ती बीबी मरियमची कबर. पण तेराव्या-चौदाव्या शतकात हे होर्मुझच्या राज्यातलं मोठं बंदर होतं, इथून अरबी घोडे जहाजांत भरून हिंदुस्थानात जायचे आणि हिंदुस्थानातून तांदूळ यायचा. मार्को पोलोने याचं वर्णन केलंय. आधी भूकंपाने हादरलं आणि मग १५०८ मध्ये पोर्तुगीज अल्बुकर्कने जाळून टाकलं, त्यानंतर उठलंच नाही. २०१८ ला युनेस्कोच्या यादीत आलं. आत कुंपण आहे, फाटक बंद असेल तर उडी मारून जाऊ नका, रस्त्यावरून दिसतं तेवढं बघा.

इथं मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण या रस्त्यावर चुकणारा तो पहिला टूरिस्ट. चौदाव्या शतकात त्याचं जहाज सूरला लागलं, तिथून कल्हात डोंगराच्या उतारावर समोरच दिसत होतं, त्याला वाटलं हे काय, संध्याकाळपर्यंत चालत पोचू. खिद्र नावाचा एक हिंदी माणूस बरोबर घेतला, एक खलाशी वाटाड्या धरला आणि निघाला. वाटेत खाडी आडवी आली, वाटाड्याचा डोळा यांच्या कपड्यांवर, पाणी संपलेलं, रात्र उघड्यावर काढावी लागली, आणि दुसऱ्या दिवशी वेशीपाशी पोचला तेव्हा पाय सुजून बुटात मावत नव्हते. तिथल्या अमीराने सहा दिवस ठेवून घेतलं. इथल्या भाजलेल्या माशाचं त्याने केलेलं कौतुक वाचलं की वाटतं बिचाऱ्याला खरंच खूप भूक लागली असणार. तर हे उतारावरचं समोर दिसतंय म्हणजे जवळ आहे असं इथं कधी समजायचं नाही, हवा स्वच्छ असली की वीस किलोमीटरवरचं पाच किलोमीटरवर वाटतं.

कल्हात सोडलं की एलएनजीचा, म्हणजे द्रवरूप गॅसचा, प्लांट दिसतो, मग सूर. सूरच्या अलीकडे खताचा मोठा कारखाना आहे, ओमान आणि भारताच्या भागीदारीतला, भारताच्या बाजूने इफ्को आणि कृभको. इथला युरिया भारतात येतो. माझे सासरे शेतकरी, त्यांना किल्ल्यांपेक्षा हा कारखाना बघण्यात जास्त रस होता, गेटपासून हलेनात.

सूरला हॉटेलवर जाऊन दोन तास झोपा आणि साडेचारला बाहेर पडा. आधी फतह अल खैर बघायची. १९५१ ला सूरमध्येच बांधलेली ‘घंजा’ जातीची मोठी लाकडी धाऊ, म्हणजे शिडाचं गलबत, मागची बाजू नक्षीकामाने भरलेली. ती विकली जाऊन येमेनला गेली होती, सूरच्या लोकांनी १९९३ मध्ये परत आणली. आता जमिनीवर उभी आहे, खाली उभं राहून वर बघितलं की कळतं हे प्रकरण केवढं होतं. मग जवळच धाऊ बांधायचं यार्ड. लाकूड सागाचं, पूर्वापार मलबारहून येतं. इथं कागदावर ड्रॉइंग नसतं, मुख्य मिस्त्रीच्या डोळ्यात माप असतं. आपण समजतो आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करतात आणि मग बाहेरून फळ्या मारतात, इथं उलटं, आधी फळ्यांची बाहेरची काया उभी करायची आणि फासळ्या मागाहून आत बसवायच्या. खूप पूर्वी खिळासुद्धा नसायचा, फळीला भोकं पाडून काथ्याच्या दोरीने शिवायचे, भोकं आणि सांधे बुजवायला तेलात भिजवलेला कापूस किंवा काथ्या. १९८० ला अशीच शिवलेली सोहार नावाची बोट इथं सूरलाच बांधून चीनपर्यंत नेली होती, ती आता मस्कतला अल बुस्तानच्या राउंडअबाउटवर ठेवलीय, विमानतळावरून जाता-येता दिसणार नाही, वाट वाकडी करून बघा. यार्डात काम चालू असेलच असं नाही, कधी एखादी बोट असते, कधी नुसतं भुस्सा आणि झोपलेली मांजरं. तरी जा. आणि कारागिरांना जहाजाच्या कप्तानाला काय म्हणतात विचारा, ते सांगतील नोखदा. आपला नाखवा.

उन्हं कलली की झुलता पूल ओलांडून अल अयजाला जायचं, खाडीच्या पलीकडचं जुनं वस्तीचं टोक. पांढरी घरं, कोरलेले दरवाजे, टोकाला दीपगृह. भरती असेल तर बोटी ताठ उभ्या असतात आणि ओहोटी असेल तर चिखलात कुशीवर लवंडलेल्या. मगरिबची बांग झाली की एकेक दिवा लागतो आणि पाण्यात सगळं गाव उलटं दिसतं. इथं गाडी बाहेर लावून पायीच फिरा, गल्ल्यांत गाडी घालू नका, घरांच्या ओट्यावर बायका बसलेल्या असतात. कोणी कहवा पुढं केला तर नाही म्हणू नका, वेलचीची बिनदुधाची कॉफी, बरोबर खजूर, घ्यायचा उजव्या हाताने. कप रिकामा केला की लगेच भरला जातो, हे थांबवायचं असेल तर कप हातात घेऊन मनगटाने दोन-तीनदा हलवायचा. हे माहीत नसल्यामुळे माझ्या मावशीने सभ्यपणे सात कप रिचवले आणि रात्रभर टक्क जागी.

कासवांसाठी रास अल जिन्झला जावं लागतं, सूरपासून तास-पाऊण तास. हिरवी समुद्री कासवं इथं वर्षभर अंडी घालायला येतात, जास्तीत जास्त उन्हाळ्यात, पण थंडीतही एखाद-दुसरी दिसायची शक्यता असते. रिझर्व्हच्या गाइडबरोबरच जाता येतं, एक बॅच रात्री आणि एक पहाटे, बुकिंग आधी करा. रात्री फोटो बंद, टॉर्च बंद, बोलायचं हळू. मी पहाटेची बॅच सांगेन, कारण उजाडता उजाडता कासव समुद्राकडे परत निघालेलं बघायला मिळतं. वाळूत मागं ट्रॅक्टरच्या चाकासारखा पट्टा उमटवत, चार पावलं टाकून दम खात, पुन्हा चार पावलं. दिसलंच नाही तर रागावू नका, ते काही तिकीटवाल्याच्या हातात नाही.

परतीला त्याच रस्त्याने येऊ नका, आतल्या बाजूने या. सूरहून वादी बनी खालिद दीड-दोन तास. इथं पार्किंगपासून दहा मिनिटं सपाट चालून डोहापाशी पोचता, डोहावर छोटा पूल आहे, सावली आहे, खायला मिळतं, म्हणून आई-बाबांना आणि मुलांना हीच वादी. पुढं चढून मुकलची गुहा आहे, टॉर्च पाहिजे आणि सरपटायची तयारी. बिदियाच्या बाजूला वाळूचे डोंगर सुरू होतात, वाळवंटात रात्र काढायची असेल तर कॅम्पवाला हायवेवरून त्याच्या गाडीतून आत नेतो, आपली सेडान वाळूत घालायचं धाडस करू नका. बुधवारी सकाळी इब्रामध्ये बायकांचा बाजार भरतो, विकणाऱ्या आणि घेणाऱ्या दोन्ही बायकाच, म्हणून मी अजून आत गेलेलो नाही, बायकोने आणलेलं अत्तर मात्र वर्षभर पुरलं.

आता पावसाचं, आणि हे नीट वाचा. ओमानात पाऊस क्वचित पडतो आणि पडला की डोंगर पाणी मुरवून घेत नाही, सगळं वादीत येतं. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि तीस किलोमीटर वर डोंगरात पडलेलं पाणी गोटे लोटत येतं. वर ढग दाटलेले दिसले, पाणी अचानक गढूळ झालं किंवा घरघर ऐकू आली तर सामान सोडून आधी उंचावर चढा, खाली तोंडाकडे पळत सुटू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगात येतं. रस्ता वादी ओलांडतो तिथं लाल-पांढरे खांब रोवलेले असतात, पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, थांबायचं, दोन-तीन तासांत बऱ्याचदा उतरतं. वाहत्या वादीत गाडी घालणं इथं गुन्हा आहे, शिक्षा होते. एप्रिल २०२४ च्या पुरात याच शर्किया भागात समद अल शानला शाळेची मुलं पाण्यात वाहून गेली, तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये हवामानाचा इशारा आला की ट्रिप न बोलता रद्द होते. इमर्जन्सीचा नंबर ९९९९, आणि वादीच्या आत रेंज जाते म्हणून निघताना हॉटेलवाल्याला सांगून जा कुठली वादी आणि किती वाजेपर्यंत परत.

रमजान असेल तर दिवसा उघड्यावर खाणं-पिणं, अगदी पाण्याची बाटलीसुद्धा, टाळायचं, गाडीतही नाही. बरेच कॉफी शॉप संध्याकाळपर्यंत बंद असतात, म्हणून आदल्या रात्रीच पार्सल घेऊन ठेवा आणि खोलीत खा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळेला पेट्रोल पंपावरचं दुकानसुद्धा बंद सापडू शकतं.

पाणी माणशी तीन लिटर, हे कमी करू नका. बाटल्या मोठ्या घेण्यापेक्षा अर्ध्या लिटरच्या घ्या, त्यातल्या दोन बाटल्या रात्रभर फ्रीजरमध्ये टाका, टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवा, वादीतून बाहेर येईपर्यंत गार राहतात. आणि गाडी परत करायच्या आधी मागच्या सीटखाली हात घालून बघा, ओले सँडल तिथंच राहतात. माझे दोन जोड असेच गेले.